माहेरपाण्याची ओटी

देवापुढे उभे राहून माणसाने काय मागावे, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. काय मागू नये, ते मात्र ज्याचे त्याला आपल्या अंतःकरणात शोधावे लागते. अपत्याचे कल्याण मागणाऱ्या आईला कोणी दोष देणार नाही. परंतु त्या अपत्याने जीव लावून जे कार्य मांडले आहे, तेच निष्फळ व्हावे आणि त्या निमित्ताने का होईना पण लेकरू घरी परतावे, अशी इच्छा आईच्या मनात उगवली, तर तिला वात्सल्य म्हणावे की अपराध? माजलगावच्या धरणाकाठी राहणाऱ्या भिमाबाईपुढे त्या वर्षीच्या श्रावणात हा प्रश्न येऊन उभा राहिला. उत्तर विचारायला तिच्यापाशी पोथी नव्हती, पंडित नव्हता. हाताशी होती ती एक खणानारळाची ओटी.

सिंदफणा नदीवरच्या या धरणाच्या पसरलेल्या पाण्याला उत्तरेकडून एक ओढा येऊन मिळतो. पावसाळ्यात ओढा वाहता झाला, की धरणातले राहू आणि कटला पोटात अंडी घेऊन त्याच्या मुखाशी येतात आणि उथळ पाण्यात, गवताच्या मुळांशी प्रसवतात. काठावरच्या भोयांच्या वस्तीत त्या जागेला माहेरपाणी म्हणतात. पोटुशी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यावी, तशी मासोळी तिथे येते, आणि माहेरवाशिणीवर कोणी जाळे टाकत नाही, अशी त्या वस्तीची धारणा. नागपंचमीला, ज्या दिवशी गावोगावच्या लेकी माहेरी येऊन झोके घेतात, त्या दिवशी वस्तीतली एक सवाष्ण माहेरपाण्याची ओटी भरते. तांदूळ, हळकुंड आणि नारळ ती पाण्याला देते, खण काठावरच्या बांबूला बांधते. तो खण वाऱ्यावर हलू लागला, की घटस्थापनेपर्यंत त्या मुखाशी एकही जाळे पडत नाही. ओटी भरली नाही, तर पाणी मोकळे. त्याला कोणाची आडकाठी नाही.

आणि ओटी कोणी भरायची, याचाही एक नेम आहे. जिची लेक दूर देशी आहे, तिनेच. वाट पाहणे म्हणजे काय, हे तिला ठाऊक असते, म्हणून. दीपमाला शिकायला म्हणून घराबाहेर पडली, त्या वर्षापासून हा मान भिमाबाईकडे आला होता. दीपमालेचे लग्न झालेले नव्हते. तेव्हा ही सासरी गेलेली लेक नव्हे, असा आक्षेप एका म्हातारीने घेतलाही होता. पण दुसरी म्हणाली, "लांब ते लांबच की गं. कुकवानं काय अंतर वाढतं का?" आणि ते सर्वांना पटले.

दीपमाला मत्स्यशास्त्र शिकली आणि शिकता शिकता पार समुद्राच्या पोटात गेली. लक्षद्वीपच्या एका लहानशा बेटावर ती राहत होती. त्या बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे. भिमाबाईला प्रवाळ म्हणजे आपल्या मंगळसूत्रातले तांबडे पोवळे एवढेच ठाऊक. "ते न्हाई माय," लेकीने एकदा समजावले होते, "पन त्याच्याच कुळातलं. जितं असतं ते. बारीक बारीक जीव मिळून पान्याखाली भिंत बांधतात, अन् त्या भिंतीच्या आसऱ्यानं मासे जगतात." तेव्हापासून लेकीची आठवण झाली की भिमाबाईचा हात नकळत त्या पोवळ्याकडे जाई.

त्या प्रवाळभित्तीत एक वाट होती. वर्षातले काही महिने मोठे मासे तिथे अंडी घालायला जमत, आणि नेमके तेव्हाच होड्या येऊन ते सगळे उचलून नेत. वाट वर्षागणिक ओस पडत चालली होती. बेटावरच्या कोळ्यांनी त्या महिन्यांत ती वाट सोडावी; सोडल्याने चुलीला जी झळ बसेल ती भरून निघावी; बाहेरच्या खोल पाण्यात जाण्याचे साहित्य त्यांना मिळावे, राखण त्यांच्यातल्याच माणसांनी करावी; आणि पाच वर्षांत त्यांनी हे सारे आपल्या हाती घ्यावे, अशी दीपमालेची योजना होती. त्यासाठी तिने पुण्याच्या एका संस्थेकडे निधी मागितला होता. निधीची अट एकच, पण कठीण होती: ती पाचही वर्षे तिने बेटावर राहायचे.

पंचमीला थोडे दिवस उरले असता तिचा फोन आला.

"माय, पंचमीला आपल्याकडं देवस्थळी बाई येनारेत. निधीवाल्या."

"माज्याकडं कावून? मी काय तुज्या समुद्रात हाय का?"

"बेटावरच्या लोकांनी मला तोंडावर इचारलं होतं. आमाला मासे सोडा म्हनतीस, तुज्या घरचे सोडतात का? मी म्हनले, माजी माय ओटी भरून सोडती. ते मी अर्जात बी लिवलंय. बाईंना ते सोताच्या डोळ्यानं बघायचंय."

जे विचारू नये असे भिमाबाईला वाटत होते, तेच तिने विचारले. "अन् न्हाईच मिळाला तुला निधी, तर?"

"तर काय, गाशा गुंडाळायचा. बीडच्या कालिजात जागा निघालीय. कपिलधारच्या रस्त्याला एखादी खोली बघीन अन् दर आईतवारी तुज्या हातचं मरळीचं कालवन खायाला येईन."

ती हसत म्हणाली, पण ते खोटे नव्हते. फोन ठेवल्यावर ते हसू भिमाबाईच्या घरात तसेच घुटमळत राहिले. भाकरी थापताना तिला दर रविवारची दीपमाला दिसू लागली. पदराने घाम पुसत उंबऱ्यात बसलेली, "तिखट लई झालंय" म्हणत पुन्हा वाढून घेणारी. नांदूरघाटला भिमाबाईचे माहेर होते. आई गेली आणि त्या घराचे दार उघडे असूनही तिच्यासाठी मिटले. आता उरलेले सारे माहेर तिला या लेकीतच दिसे. लेक आली, की आपण माहेरी गेलो, असे तिला वाटे.

पंचमीच्या आदल्या संध्याकाळी नवनाथ आला. हा तिच्या दिराचा मुलगा, वस्तीच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. तोंडाने फटकळ, पण मनाने वाईट नव्हे. त्या साली ओढ्याला पाणी उशिरा आले होते, उन्हाळाभर जाळी रिकामी निघाली होती, आणि आता सारा मासा माहेरपाण्यात दाटला होता. भिमाबाईचा नवरा शहादेव ओसरीवर फाटके जाळे विणत बसला होता. नवनाथ त्याच्या शेजारी टेकला.

"काकू, एक बोलू का? रागावू नगंस. या साली ओटी राहू दे."

"अन्?"

"अन् काय! पोरं ताटकळली हायेत. मासा समोर हाय अन् आपन हात बांधून बसायचं? एक साल. पुढच्या साली दोन ओट्या भर, मी सोता बांबू धरून हुबा राहतो."

"तू बांबू धरशील," शहादेव जाळ्यातून मान न काढता म्हणाला, "अन् मासा कोन धरील बे?"

"काका, तुमी तर बोलूच नगा. जुन्या पुलापाशी खोल पान्यात तुमची जागा. तुमचं जाळं कदी रिकामं आलंय का?"

"ओटी बायांची. मी कोन बोलनारा," असे म्हणून शहादेव पुन्हा गाठी मारू लागला.

भिमाबाईच्या मनात त्या क्षणी काय झाले, ते तिलाही नंतर नीट सांगता आले नाही. तिला खोटे बोलायचे नव्हते. कोणाचे वाईट करायचे नव्हते. नुसते गप्प राहायचे होते. उद्या बाई येतील, ओटी दिसणार नाही, जाळी दिसतील. त्या पुण्याला परततील. निधी दुसऱ्या कोणाला जाईल. आणि दीपमाला बीडच्या गाडीत बसेल. वस्तीतली लेकरेही पोटभर जेवतील. ज्या वाटेने साऱ्यांचेच भले दिसते, ती वाट वाईट कशी असेल?

"टाका," ती म्हणाली. "यंदा टाका जाळं."

शहादेवाच्या बोटांतली सुई थांबली. नवनाथालाही इतक्या लवकर होकार अपेक्षित नव्हता. तो उठला, चपला अडकवल्या आणि काकूचे मन फिरायच्या आत निघून गेला. दिवस मावळता मावळता माहेरपाण्यावर जाळ्याचे पांढरे बोये तरंगू लागले होते.

पंचमीच्या सकाळी वस्तीतल्या लिंबाला झोके बांधले गेले, माहेरी आलेल्या पोरींचा कलकलाट सुरू झाला, आणि देवस्थळी बाई आल्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, मितभाषी. चहा घेता घेता त्यांनी घरातली दीपमालेची जुनी छायाचित्रे न्याहाळली. मग विचारले, "ओटीला कधी निघायचं, भिमाबाई?"

"या साली ओटी न्हाई," भिमाबाई खाली बघत म्हणाली.

बाईंनी कारण विचारले नाही. कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "बरं. पण आले आहे तर जागा पाहून जाते. दीपमालाने त्या पाण्याचं इतकं वर्णन केलं आहे, की न पाहता परतले तर तिला तोंड काय दाखवू?"

तिघे काठाने निघाले. शहादेव खांद्याला पिशवी अडकवून मागून येत होता. वाटेत भिमाबाईला राहवेना. "तुमी गेलता का तिथं? तिच्या बेटावर?"

"दोनदा."

"जेवती का ती नीट?"

"जेवते. भाताचा कंटाळा आला, की भाकरी करते. पीठ मुंबईहून मागवते. पहिल्यांदा गेले, तेव्हा तिने मला करून घातली होती. कडक झाली होती," बाई हसल्या. मग चालता चालता, जणू सहजच आठवावे तसे म्हणाल्या, "तिथल्या बायकांना तिने तुमच्या पाण्याची गोष्ट सांगितली आहे. त्यांची भाषा निराळी, धर्म निराळा. पण प्रवाळातल्या त्या वाटेला आता त्या सगळ्या माहेर म्हणतात. अगदी आपला मराठी शब्द. मी कानांनी ऐकला, तेव्हा मला वाटलं, हा शब्द एवढं पाणी ओलांडून एकटा कसा आला असेल."

भिमाबाईचा हात पोवळ्याकडे गेला होता.

ओढ्याच्या मुखाशी नवनाथ आणि त्याचे सोबती पाण्यात उतरून जाळे ओढायच्या तयारीत होते. काठाजवळच्या उथळ पाण्यात माशांच्या काळसर पाठी वर येत होत्या, पुन्हा बुडत होत्या. गवत हलत होते. पलीकडे, जाळ्यात, पाणी नुसते उसळत होते.

भिमाबाई गुडघाभर पाण्यात गेली. जाळ्याच्या कडेला एक राहू कल्ले अडकून तडफडत होती. तिने ती दोन्ही हातांनी धरली आणि सोडवू लागली. मासोळीचे पोट तट्ट फुगलेले होते. थोडा दाब पडताच अंड्यांची पिवळसर धार तिच्या तळव्यावर उतरली. भिमाबाईने आयुष्यभर मासे कापले होते, विकले होते, खाल्ले होते. अशी धार तिला नवी नव्हती. पण आज तिला ती पाहवेना. ही माहेर समजून आली. रस्ता मोकळा आहे, कोणी वाट पाहत आहे, या विश्वासाने आली. आणि आपण काय केले? आपणही एक जाळे टाकले. नवनाथाने माशांवर टाकले, आपण त्याच्याआडून आपल्याच लेकीवर टाकले. तिच्या सगळ्या वाटा बंद करून उरलेल्या एका वाटेने ती घरी आली असती, तर तिला माहेरी आली असे कोणी म्हटले असते? धरून आणली, असेच म्हणावे लागले असते.

तिने राहू पाण्यात सोडली. मासोळी क्षणभर कुशीवर पडली, मग शेपटी हलवून गवतात शिरली.

"नवनाथ! जाळं काढ."

"काढतोच हाय की, काकू. ओढायलाच आलोय."

"ओढून न्हाई. सोडवून. जितं तेवढं पान्यात जाऊ दे."

नवनाथ कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "काल टाक म्हनलीस, आज काढ म्हनतीस. पान्यात हुबं राहून चेष्टा करायलीस का आमची? अन् या मॅडम आल्या म्हनून बदललीस व्हय? त्या जातील पुन्याला. आमच्या चुलीत काय घालायचं?"

प्रश्न खरा होता, आणि खऱ्या प्रश्नाला नुसत्या श्रद्धेने उत्तर देता येत नाही, हे भिमाबाईला कळत होते. तिने काठाकडे, शहादेवाकडे एकवार पाहिले. "जुन्या पुलापाशी आमची जागा हाय ना, जिच्यावर तुजा डोळा हाय? ती घे. घटस्थापनेपोत तुजी अन् या पोरांची. आमी कडेकडेनं बारक्या चिवट्या धरू."

"ये बाई!" शहादेव काठावरून ओरडला. "मला न इचारता माजी जागा वाटून टाकलीस?"

"ओटी बायांची म्हनला होतात ना काल? मंग ओटीत काय घालायचं ते बी बायाच ठरवतील."

शहादेवाने हसू दाबत देवस्थळी बाईंकडे पाहिले. "लिवून घ्या, मॅडम. ह्यो आमच्या घरचा निधी. याला अर्ज लागत न्हाई, नवऱ्याला इचारावं बी लागत न्हाई."

पोरे हसली. नवनाथाच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली. खोल पाण्यातली जागा साऱ्या वस्तीला हवीशी होती. तो पुटपुटत जाळ्याकडे वळला आणि एकेक मासा सोडवू लागला. सगळे वाचले नाहीत. जे मेले, ते काठावर ओळीने ठेवले गेले, आणि त्यांच्याकडे बघायचे भिमाबाईने टाळले नाही.

मग ती ओल्या लुगड्यानिशी देवस्थळी बाईंपुढे येऊन उभी राहिली.

"बाई, तुमाला एक सांगते. दीपानं लिवलं आसंल, की आमची बंदी मोडत न्हाई. काल सांजच्याला मोडली. मीच मोडली. पोरांचा काई दोष न्हाई. निधी न्हाई मिळाला तर ल्येक घरी येईल, म्हनून मी टाका म्हनले."

देवस्थळी बाईंनी काठावरच्या मेलेल्या माशांकडे आणि मग पाण्याकडे पाहिले. "मला जे दिसलं, ते मी सांगेन," एवढेच त्या म्हणाल्या. "कालचंही आणि आजचंही."

कालपर्यंत जो नकार भिमाबाईला हवा होता, त्याचीच आता तिला भीती वाटू लागली. मनाची ही गती मोठी विचित्र खरी. ती ओटीसाठी घराकडे धावणार, तोच शहादेवाने खांद्यावरची पिशवी पुढे केली. आत नारळ होता, तांदळाची पुरचुंडी होती, हळकुंडे होती आणि माजलगावच्या बाजारातून पंधरवड्यापूर्वीच आणलेला हिरवा खण होता.

"तुमी हे कावून आनलं?"

"मंग काय नारळ घरी ठिवून चटनी करायची होती का?" तो म्हणाला, आणि तोंड फिरवून बांबू रोवायला गेला.

भिमाबाईने पाण्याची ओटी भरली. तांदूळ पाण्यावर क्षणभर तरंगले आणि खाली गेले. मागे झोक्यांवरची गाणी ऐकू येत होती. कोणाकोणाच्या लेकी आल्या होत्या. खण बांबूला बांधताना तिने दरवर्षीचे मागणे मागितले नाही. दरवर्षी ती म्हणे, माझी लेक सुखरूप परत येऊ दे. या वेळी ती नुसती म्हणाली, "तिची वाट मोकळी राहू दे."

त्यानंतरचे दिवस लांबले. वस्ती जुन्या पुलापाशी मासे धरी, शहादेव कडेकडेने चिवट्या धरी आणि रोज संध्याकाळी बायकोला ऐकवी, "आज बी तुज्या दानधर्माचंच कालवन." पितृपक्ष सरत आला, तेव्हा एका दुपारी फोन वाजला.

"माय, मिळाला गं निधी! देवस्थळी बाईंनी सगळं सांगितलं सभेत. जाळं पडलं ते बी, निघालं ते बी. त्या म्हनल्या, नेम मोडल्यावर तो परत बांधनारं मानूस कुठं असतं, ते मी बघून आले." ती थांबली. तिचा आवाज खाली आला. "मी घरी यावं म्हनून तू जाळं टाकू दिलंस, ते बी सांगितलं. माय, मला बी यावं वाटतं गं. रोज वाटतं. सांजच्याला धक्क्यावर हुबी राहते, तवा हे पानी कुनीकडून तरी सिंदफनेला लागत आसंल, असं मनात येतं."

पाच वर्षे. पाच पंचम्या. लिंबाचा झोका, आणि त्यावर दुसऱ्यांच्या पोरी. भिमाबाईने विचारले, "तिथं तुज्या माशांची ओटी कोन भरतं?"

"इथं तशी रीत न्हाई, माय. बाया दुवा मागतात."

"दुवा बी चांगली. पन ओटी मी हितून भरीन. पुढच्या सालापासनं दोन नारळ. एक हितला, एक तुज्या तिकडल्या माहेराचा."

फोन ठेवल्यावर ती ओढ्याच्या मुखाशी जाऊन बसली. खणाचा रंग उन्हापावसाने विटला होता, पण गाठ सुटली नव्हती. उथळ पाण्यात बोटाच्या पेराएवढी पिले उन्हात चमकत होती. थव्याने एकदम वळत होती आणि हळूहळू, कोणी ढकलत नसताना, खोल पाण्याकडे सरकत होती. भिमाबाई त्यांना जाताना पाहत राहिली. तिचा एक हात पोवळ्यावर होता.

दूर समुद्रात प्रवाळाच्या वाटेने येणाऱ्या जीवांना ती वाट निर्भय राहो. ती सोडणाऱ्या कोळ्यांच्या चुली पेटत्या राहोत, आणि जुन्या पुलापाशी जाळे टाकणाऱ्यांच्याही. परक्या बेटावर आपल्या आईचा शब्द रुजवणाऱ्या लेकीला बळ मिळो. आणि जी आई वाट अडवत नाही, नुसती वाट पाहते, तिच्या उंबऱ्यात एखाद्या पंचमीला, आपल्या पावलांनी आणि आपल्या इच्छेने, ती लेक येऊन उभी राहो. तथास्तु.